पाणी कुठे मुरतंय? वापरलेला ट्रॅव्हल ट्रेलर घेण्याआधी विचारले जाणारे प्रश्न

गाडीच्या मागे हिचला जोडून ओढायचा, आत पलंग, ओटा, संडास-न्हाणी सगळं असलेला ट्रेलर जुना घ्यायचा विचार असेल, तर खालचे प्रश्न पडतातच. विजेचे, टायरचे आणि पाट्यांचे तपशील उत्तर अमेरिकी बांधणीच्या ट्रेलरचे आहेत. बाकीचं कुठल्याही बांधणीला लागू पडतं.

सगळ्यात आधी काय बघायचं?

पाणी. म्हणजे ते कुठून आत शिरलंय आणि कुठवर पोचलंय. टायर बदलता येतात, बॅटरी बदलता येते, फ्रिज गेला तर दुसरा बसवता येतो. पण छताच्या सांध्यातून वर्षानुवर्षं झिरपलेल्या पाण्याने भिंतीच्या आतली लाकडी चौकट कुजली असेल, तर भिंत उघडल्याशिवाय ती दुरुस्त होत नाही. आणि एकदा भिंत उघडली की काम कुठे जाऊन थांबेल, हे चांगला कारागीरही छातीठोकपणे सांगत नाही.

बहुतेक लोक नेमकं उलटं करतात. आत शिरल्या शिरल्या गादीवर बसून बघतात, दिवे लावतात, शेगडी पेटवतात, आणि छतावर चढायची वेळ येईपर्यंत मनाने ट्रेलर विकत घेऊन झालेला असतो. त्यामुळे क्रमच ठरवून घ्या: आधी छत, मग बाहेरच्या भिंती, मग खालची चौकट, आणि सगळ्यात शेवटी आतली सजावट.

ओल शोधायची कशी? विकणाऱ्याने तर सगळं पुसून चकाचक केलंय.

चकाचक भागाकडे बघूच नका. कपाटांच्या आत, पलंगाखाली, सोफ्याच्या पेटीत, ओट्याखाली बघा. तिथे कुणी रंग देत बसत नाही.

पुढच्या भिंतीला लागून असलेलं वरचं कपाट रिकामं करायला सांगा. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून तिरपा धरा. समोरून टाकलेल्या उजेडात सपाट दिसणारा भिंतीचा कागद तिरप्या उजेडात सुरकुतलेला दिसतो. मग कोपऱ्यातल्या स्क्रूंची डोकी बघा. कोरड्या भिंतीतला स्क्रू जुना झाला तरी स्वच्छ राहतो; ओल्या भिंतीतल्या स्क्रूवर गंज चढतो आणि त्याच्याभोवती कपाखाली उमटलेल्या चहाच्या डागासारखं तपकिरी कडं दिसतं. आता अंगठ्याने कोपरा दाबा. भिंत टणक लागली तर पुढे चला. आत दबली, करकरली किंवा दाबल्यावर कागद भिंतीपासून सुटा असल्यासारखा सरकला, तर आतली प्लाय गेलेली आहे.

असाच अंगठा प्रत्येक खिडकीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांत, छताच्या झरोक्यांभोवती, एसीच्या चौकटीभोवती आणि मागच्या भिंतीच्या तळाशी फिरवा. पाणी शिरतं एका जागी आणि दिसतं दुसऱ्याच जागी. छताच्या पुढच्या सांध्यातून आलेलं पाणी भिंतीच्या आतून उतरून थेट पलंगाखालच्या जमिनीत साठतं, आणि वरच्या बाजूला साधा डागही नसतो.

ओल मोजायचं छोटं मीटर मिळतं, ते जरूर घ्या. दोन सुयांचं मीटर लाकडात टोचून वाचतं. सुया नसलेलं मीटर भिंतीवर नुसतं टेकवायचं असतं, पण आत ॲल्युमिनियमची पट्टी किंवा वायर असेल तर ते फसतं. कोरडं लाकूड साधारण १५ टक्क्यांच्या आत दाखवतं. २० टक्क्यांच्या वर आकडा गेला तर तिथे काहीतरी चालू आहे असं धरा. मात्र एका आकड्यावर विसंबू नका. त्याच भिंतीवर चार जागी टेकवा आणि एखादीच जागा बाकीच्यांपेक्षा फटकून आहे का ते बघा.

आणि नाकाचा उपयोग करा. दार उघडल्यावर पहिला श्वास महत्त्वाचा, कारण दहा मिनिटांत नाक सरावतं. कुबट वास आला तर प्रश्नच नाही. भसाभस सुगंधी फवारा मारलेला असेल तर तो कशासाठी मारला हे विचारा.

छतावर चढणं गरजेचं आहे का? खालून शिडीवरून बघितलं तर चालेल?

चढता येत असेल तर चढाच. सगळी छतं चालण्याजोगी नसतात, म्हणून आधी बनावटीच्या माहितीपुस्तकात बघा किंवा विचारा. नाहीतर शिडी चारही बाजूंना लावून बघा.

बहुतेक ट्रेलरचं छत रबरी चादरीचं असतं, ईपीडीएम किंवा टीपीओ. काहींचं फायबरग्लासचं असतं. ईपीडीएम जुनं झालं की त्याची पांढरी भुकटी सुटते आणि पावसात भिंतींवर तिचे ओघळ दिसतात. तेवढ्याने छत बाद होत नाही. खरं लक्ष द्यायचं ते सांध्यांवर: पुढची आणि मागची आडवी पट्टी, झरोके, एसी, नळ्यांची टोकं, शिडीचे पाय. तिथे ओतलेलं सीलंट तडकलेलं, कडेने सुटलेलं किंवा खड्डा पडलेलं आहे का ते नखाने तपासा.

छतावर सिलिकॉन थापलेलं दिसलं तर मी तिथेच किंमत मनातल्या मनात उतरवतो. सिलिकॉनवर नंतर काहीही नीट चिकटत नाही, योग्य सीलंटसुद्धा नाही. म्हणजे आधीचं सगळं खरवडून काढल्याशिवाय पुढची दुरुस्ती टिकणार नाही. शिवाय ज्याने सिलिकॉन फासलं त्याने गळती लागल्यावर घाईघाईत हातात आलं ते वापरलं, हेही कळतं.

रुंद चिकट टेप लावलेली असेल तर ती चांगली दुरुस्ती असू शकते किंवा झाकपाकही असू शकते. वरून सांगता येत नाही. ती जिथे आहे त्याच्या बरोबर खालची आतली जागा अंगठ्याने दाबून बघा.

चालताना पावलाखाली एखादी जागा मऊ लागली, तर खालची प्लाय कुजली आहे.

बाहेरची भिंत एका जागी फुगल्यासारखी दिसते. उन्हाने होतं म्हणतात. खरं का?

गुळगुळीत फायबरग्लासची भिंत थरांची असते: बाहेर फायबरग्लास, त्यामागे पातळ प्लाय, मग फोम आणि चौकट, सगळं एकमेकांना चिकटवलेलं. थर सुटले की फुगवटा येतो. उन्हाचा किंवा चिकटवण्यातल्या दोषाचा संबंध कधीकधी असतो, पण फुगवटा खिडकीच्या, दिव्याच्या किंवा कोपऱ्याच्या जवळ असेल तर पाणीच कारण धरा. भिंतीच्या एका टोकाला गाल टेकवून दुसऱ्या टोकाकडे नजर टाका. सकाळचं किंवा संध्याकाळचं तिरपं ऊन असेल तर फार उत्तम. हलके फुगवटे भर दुपारी दिसतच नाहीत. ही दुरुस्ती महाग असते आणि दुरुस्तीनंतरही भिंत पूर्वीसारखी होईल याची खात्री कुणी देत नाही.

लाकडी चौकटीवर पन्हळी ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकलेले ट्रेलर वेगळे. त्यांत फुगवटा येत नाही, त्यामुळे बाहेरून भिंत ठणठणीत दिसते आणि आत लाकडाचा भुसा झालेला असतो. अशा ट्रेलरच्या खालच्या कडेची पट्टी बघा. स्क्रू नुसत्या बोटांनी फिरत असतील किंवा गायब असतील, तर त्यांना धरून ठेवायला आत लाकूड उरलेलं नाही.

सरकती खोली, म्हणजे ट्रेलर उभा केल्यावर भिंतीतून बाहेर सरकवायचा खोलीचा भाग, असलेला घ्यावा की नाही?

जागा वाढते हे खरं, पण सरकत्या खोलीमुळे पाणी शिरायच्या जागाही वाढतात आणि बिघडणारी यंत्रणाही वाढते. घ्यायचाच असेल तर खोली पूर्ण बाहेर आणि पूर्ण आत करून बघा, दोनदा. दोन्ही बाजू बरोबरीने सरकतात की एक बाजू मागे रेंगाळते, मोटर मध्येच दमते का, याकडे कान आणि डोळे ठेवा. मग खोली बाहेर असताना बाहेरून खाली वाका आणि तिच्या जमिनीच्या कडा बोटाने चाचपा. रबरी पट्ट्यांवरून निथळलेलं पाणी तिथेच थांबतं, त्यामुळे कुज सुरू होते ती याच कडेला. आत उभं राहून दार-पडदे बंद करा. कोपऱ्यांतून दिवसाचा उजेड दिसला तर पाणीही तिथूनच येणार.

खालची चौकट आणि चाकं मला कळत नाहीत. काय बघू?

जमिनीवर एखादं जाड प्लास्टिक टाका आणि आडवे होऊन टॉर्चने बघा. ट्रेलर फक्त जॅकवर असेल तर खाली शिरू नका. चाकांच्या पुढे-मागे ठोकळे लावलेले हवेत, आणि वजन पक्क्या स्टँडवर हवं.

वरवरचा तांबूस गंज चालतो. पापुद्रे निघणारा, हातोडीच्या टोकाने उकलणारा गंज चालत नाही. हिचकडे जाणाऱ्या तिरप्या तुळया मुख्य चौकटीला जिथे मिळतात तिथे वेल्डिंगला भेग आहे का ते बघा, तसंच स्प्रिंगा जिथे टांगलेल्या असतात तिथेही. नवीन काळा रंग फक्त एकाच जागी मारलेला असेल तर तिथेच जास्त वेळ थांबा. मागच्या बंपरवर सायकली किंवा पेट्या लादायची जाळी जोडली असेल तर बंपरची टोकं वाकलेली आहेत का ते बघा. बऱ्याच ट्रेलरचा मागचा बंपर म्हणजे आतून पोकळ पातळ चौकोनी नळी असते आणि तिचा उपयोग सांडपाण्याची नळी ठेवण्यापुरताच असतो.

पोटाखालचं प्लास्टिक कुठे लोंबत असेल तर त्यात पाणी साठलेलं असू शकतं. उंदरांची वस्तीही तिथेच असते, आणि उंदीर आले की वायरी कुरतडल्या जातात.

टायर कसे झिजलेत तेही वाचा. आतली कड जास्त झिजली असेल तर ॲक्सल वाकला असेल किंवा ट्रेलर कायम क्षमतेपेक्षा जास्त वजन घेऊन फिरला असेल.

टायरची नक्षी तर नव्यासारखी आहे. मग बदलायचे कशाला?

कारण ट्रेलरचा टायर झिजून कमी मरतो, वयाने जास्त मरतो. महिनोन्‌महिने एकाच जागी, उन्हात, वजनाखाली उभा राहून रबर आतून तडकतं. टायरच्या कडेला डीओटी ही अक्षरं असतात, त्या मालिकेतले शेवटचे चार अंक म्हणजे बनावटीचा आठवडा आणि वर्ष. २३१९ असेल तर २०१९ सालचा २३वा आठवडा. ही तारीख पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असते आणि ती बाजू आतल्या अंगाला बसवलेली असते, तेव्हा खाली वाकूनच वाचावी लागते. पाच-सहा वर्षांच्या वरचे टायर असतील तर नक्षी कितीही छान असली तरी चारही टायरची किंमत आपल्या हिशेबात धरा. जादा टायरही (स्टेपनी) विसरू नका, तो बहुधा मूळचाच असतो.

ब्रेक आणि बेअरिंग गाडीला न जोडता तपासता येतात का?

थोडंफार. पक्क्या आधारावर चाक उचलून हाताने फिरवा: खरखर नको. वरून-खालून धरून हलवा: ढिलाई नको. ट्रेलरच्या पुढे ब्रेकअवे स्विच असतो. ट्रेलर गाडीपासून सुटला तर त्याची पिन निघते आणि ट्रेलरच्याच बॅटरीवर ब्रेक लागतात. पिन ओढून चाकं फिरवायचा प्रयत्न करा. फिरली तर ब्रेक, वायर किंवा बॅटरी यांपैकी काहीतरी गेलेलं आहे. तपासून झालं की पिन लगेच परत घाला, नाहीतर ब्रेकचे चुंबक तापतात आणि बॅटरी उतरते.

बेअरिंगला ग्रीस शेवटचं कधी भरलं हे विचारा. वर्षातून एकदा किंवा सुमारे १९,००० किलोमीटरला ते काम करायचं असतं. "भरलंय की," एवढंच उत्तर मिळालं तर भरलेलं नाही असं समजा.

ओढून बघायची संधी मिळाली तर सोडू नका. वीसेक मिनिटांनी थांबून प्रत्येक चाकाच्या मध्याजवळ हात न्या. सगळी कोमट असणं ठीक. एकच चाक चटका देण्याइतकं तापलं असेल तर तिथे बेअरिंग किंवा अडकलेला ब्रेक आहे.

माझी गाडी हा ट्रेलर ओढेल का?

विकणाऱ्याला विचारू नका, पाटी वाचा. ट्रेलरच्या डाव्या बाजूला पुढच्या अर्ध्या भागात एक पाटी असते. तिच्यावर सामानासकट कमाल अनुज्ञेय वजन लिहिलेलं असतं, म्हणजे जीव्हीडब्ल्यूआर. हिशेब त्यावर करा, जाहिरातीतल्या रिकाम्या वजनावर नाही. रिकामं वजन कारखान्यातून निघतानाचं. त्यानंतर बॅटऱ्या, सौर पट्ट्या, जादा गॅसटाक्या आलेल्या असतात. पाण्याचंच बघा: १५० लिटरची टाकी भरली की १५० किलो वाढले.

हिचवर पडणारा भार एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. तो १० टक्क्यांच्या खाली गेला की ट्रेलर मागे डोलायला लागतो. म्हणून नुसती ओढण्याची क्षमता बघून भागत नाही, गाडी मागच्या बाजूला किती भार पेलते तेही बघावं लागतं, आणि गाडीची मर्यादा बहुतेकदा तिथेच आधी संपते. नाकापेक्षा मोती जड झाला तर ट्रेलर कितीही सुस्थितीत असो, तुमच्या कामाचा नाही.

वीज जोडून बघताना काय काळजी घ्यावी?

जोडण्याआधी सॉकेटचा दाब (व्होल्टेज) मोजा. ही गोष्ट मी अजिबात सोडू देणार नाही. ३० अँपिअरचा ट्रेलर १२० व्होल्टचा असतो. घरी हौशीने बसवलेलं ३० अँपिअरचं सॉकेट कधीकधी चुकून २४० व्होल्टला जोडलेलं असतं, आणि तसं असेल तर प्लग लावताक्षणी आतली उपकरणं जळतात. ५० अँपिअरच्या जोडणीत मात्र १२० व्होल्टच्या दोन स्वतंत्र वाहिन्या असतात.

वीज नसताना चार्ज झालेली, विश्रांती घेतलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. वीज जोडल्यावर त्याच टोकांवर आकडा १३ च्या वर गेला पाहिजे. नाही गेला तर कन्व्हर्टर बॅटरी चार्ज करत नाहीये. मग दिवे, पंखे, सॉकेटं एकेक करून. ओट्याजवळच्या सॉकेटवरचं चाचणी बटण दाबल्यावर वीज तुटली पाहिजे.

एसी पंधरा-वीस मिनिटं चालू द्या आणि आत जाणाऱ्या व बाहेर येणाऱ्या हवेचं तापमान मोजा. दोन्हींत ९ ते १२ अंश सेल्सिअसचा फरक असला की ठीक. साध्या घरगुती सॉकेटवर ॲडॅप्टर लावून एसी चालवायला गेलात तर तो सुरू होताना धडपडेल, तो दोष एसीचा नसेलही.

फ्रिज गार आहे की नाही हे तासाभरात कळेल का?

कळणार नाही. बहुतेक जुन्या ट्रेलरमध्ये गॅस आणि वीज दोन्हींवर चालणारा शोषण पद्धतीचा फ्रिज असतो. त्यात कॉम्प्रेसर नसतो, अमोनियाचं द्रावण उष्णतेने फिरवलं जातं. गार व्हायला त्याला कित्येक तास लागतात. आदल्या रात्रीच चालू करून ठेवायला सांगा आणि जाताना थर्मामीटर घेऊन जा. तुम्ही पोचल्यावर तो गॅसवर आहे की विजेवर ते बघा आणि दुसऱ्यावर बदलून पेटतो का तेही बघा.

फ्रिजच्या मागची बाहेरची जाळी काढा. नळ्यांवर पिवळसर भुकटी दिसली किंवा अमोनियाचा झणझणीत वास आला, तर त्याचं शीतलक युनिट फुटलेलं आहे. ते दुरुस्त करण्यापेक्षा बदलतातच, आणि ट्रेलरमधल्या महाग सुट्या वस्तूंपैकी ती एक आहे.

गॅसचं काय?

सिलिंडरवर तारीख ठोकलेली असते. मुदत संपली असेल तर ते भरून मिळत नाही. साबणाचं पाणी सांध्यांवर लावून बुडबुडे बघा. काडी पेटवून गळती शोधणारे लोक अजूनही आहेत, त्यांच्यापासून लांब राहा. शेगडी, हीटर, गिझर तिन्ही पेटवा. हीटर सुरू होताना बाहेरच्या तोंडातून काजळी येते का बघा.

सिलिंडरमधला प्रोपेन वायू हवेपेक्षा जड, म्हणून त्याची गळती सांगणारा सूचक जमिनीलगत असतो. तो, कार्बन मोनॉक्साइडचा आणि धुराचा, तिन्हींच्या पाठीवर तारीख असते. त्यांचं आयुष्य प्रकारानुसार साधारण ५ ते १० वर्षं. बटण दाबल्यावर आवाज आला म्हणजे आतला संवेदक जिवंत आहे असं होत नाही.

विकणारा म्हणतो, "थंडीसाठी पाणी काढून ठेवलंय, नळ तपासता येणार नाहीत." मान्य करावं का?

अडचण खरी असू शकते. कडाक्याच्या थंडीत नळ्यांतलं पाणी गोठून त्या फुटतात, म्हणून पाणी काढून गुलाबी रंगाचं गोठणरोधक भरतात. पण त्याच थंडीत त्याने पाणी काढायला उशीर केला होता का, हे तुम्हाला कळायचा मार्गही त्यानेच बंद केलेला असतो. दोन पर्याय: नळ्यांत हलक्या दाबाने हवा भरून दाब टिकतो का ते बघायचं, किंवा पाण्याची चाचणी होईपर्यंत काही रक्कम राखून ठेवायची आणि तसं लिहून घ्यायचं. दोन्हींना नकार आला तर नळ फुटलेले आहेत असं धरून भाव बोला.

पाणी चालू असेल तर टाकी भरा, पंप लावा, सगळे नळ एकदा सोडून बंद करा. पंप थांबला पाहिजे आणि थांबूनच राहिला पाहिजे. कुणीही नळ सोडलेला नसताना तो थोड्या थोड्या वेळाने घुर्र करत असेल तर कुठेतरी दाब निसटतोय. मग ओट्याखाली, संडासामागे, गिझरच्या मागे कोरडा कागद फिरवा.

गिझरमध्ये पाणी आहे याची खात्री झाल्याशिवाय त्याचं विजेचं बटण दाबू नका. रिकाम्या टाकीत तापणारी तार क्षणात जळते. पाणी काढून ठेवलेल्या ट्रेलरमध्ये गिझरला वळसा घालणारे व्हॉल्व्ह तसेच राहिलेले असतात आणि नळाला पाणी येत असूनही गिझर रिकामा असतो. पोलादी टाकीच्या गिझरमध्ये गंज स्वतःवर घेणारा ॲनोड दांडा असतो, तो खाऊन संपलाय का ते पाहता येतं, पण गिझर पूर्ण थंड आणि दाब मोकळा असेल तेव्हाच. ॲल्युमिनियमच्या टाकीत असा दांडा बहुधा नसतो.

१९९५ च्या आसपासपर्यंतच्या ट्रेलरमध्ये राखाडी पॉलिब्युटिलीनच्या नळ्या सापडतात. त्या सांध्यांशी फुटण्याबद्दल बदनाम आहेत. दिसल्या तर सगळी नळजोडणी बदलण्याचा खर्च धरा.

संडासाची टाकी तपासायची म्हणजे नेमकं काय?

नाक मुठीत धरून करायचं काम, पण दोन मिनिटांचं. भांड्यात थोडं पाणी सोडा आणि बाकीची तपासणी करून परत या. पाणी तसंच असलं पाहिजे. उतरलं तर तळाचं रबर गेलंय. बाहेर व्हॉल्व्ह बंद ठेवून सांडपाण्याच्या नळीचं झाकण काढा. ठिबकलं तर व्हॉल्व्ह बसत नाही. टाकी किती भरली हे दाखवणारे दिवे चुकीचं दाखवत असतील तर मनावर घेऊ नका, ते जवळजवळ सगळ्याच जुन्या ट्रेलरमध्ये खोटं बोलतात.

पुरात बुडालेला ट्रेलर ओळखता येतो का?

वरचा भाग धुतला जातो, खालचे कोपरे राहतात. बॅटरीच्या खोक्यात, दिव्यांच्या काचेच्या आत, फ्यूजपेटीच्या तळाशी, सोफ्याखालच्या लाकडावर बारीक गाळाची रेघ शोधा. सगळ्या कपाटांच्या आत एकाच उंचीवर रंग बदललेला असेल तर तेवढंच पुरे. तळाची प्लाय, इन्सुलेशन, वायरी सगळंच पाण्याखाली गेलेलं असतं. इथे घासाघीस करत बसू नका, परत फिरा.

कागदपत्रांत काय बघू?

मालकीच्या कागदावरचा १७ अक्षरांचा व्हीआयएन, म्हणजे वाहनाचा ओळखक्रमांक, आणि चौकटीवरचा व्हीआयएन अक्षर न्‌ अक्षर जुळला पाहिजे. दहावं अक्षर मॉडेलचं वर्ष सांगतं. या मालिकेत आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं वापरत नाहीत, तेव्हा कागदावर ती दिसली तर कुणीतरी चुकीचं लिहिलंय किंवा मुद्दाम लिहिलंय. कर्ज फिटलंय का, विमा कंपनीने कधी भंगारात काढला होता का, हेही कागदावरूनच कळतं.

अमेरिकी ट्रेलर दोषामुळे परत बोलावण्याचे आदेश (रिकॉल) नॅशनल हायवे ट्रॅफिक सेफ्टी ॲडमिनिस्ट्रेशनच्या साईटवर शोधता येतात. ट्रेलरचा शोध घेतलात तरी फ्रिज, हीटर, गिझर यांचे आदेश वेगळे निघतात, म्हणून त्यांच्या पाट्यांचे फोटो काढून तेही शोधा. हे काम लोक हमखास विसरतात.

तपासनीस नेमावा का?

किंमत मोठी असेल, ट्रेलर दूर असेल किंवा शिडीवर चढणं जमत नसेल तर नेमा. उत्तर अमेरिकेत नॅशनल रिक्रिएशनल व्हेइकल इन्स्पेक्टर्स असोसिएशनचे प्रमाणित तपासनीस मिळतात. तपासनीस तुम्ही निवडा, विकणाऱ्याने सुचवलेला नको. अहवालात फोटो, ओलीचे आकडे आणि टायरच्या तारखा असतील का हे आधीच विचारून घ्या. मात्र तपासनीस भिंत फोडून बघत नाही, त्यामुळे दडलेल्या कुजीची हमी त्याच्याकडूनही मिळत नाही.

विकणाऱ्याला काय विचारावं?

"गळती आहे का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. त्याऐवजी "छताचं सीलंट शेवटचं कधी केलं आणि कोणतं वापरलं?" असं विचारा. ज्याने खरंच काळजी घेतली तो डबा, पावती, निदान महिना तरी सांगतो. ट्रेलर कुठे उभा असायचा, छपराखाली की उघड्यावर, तेही विचारा. शेवटी "तुम्ही स्वतः ठेवला असता तर आधी काय दुरुस्त केलं असतं?" असं विचारा. या प्रश्नावर पुष्कळ माणसं खरं बोलतात.

भाव किती उतरवावा?

सापडलेल्या दुरुस्त्यांचा अंदाज कारागिराकडून घ्या, तोंडी आकड्यांवर जाऊ नका. टायर, बॅटरी, सूचक, सीलंट यांचा खर्च ठरलेला असतो, तो सरळ वजा करा. कुजीचा खर्च ठरवता येत नाही. मऊ जागा एकच आणि छोटी असेल, कारण सापडलेलं असेल आणि काम तुम्ही स्वतः करणार असाल, तर विचार करा. दोन वेगवेगळ्या कोपऱ्यांत मऊ जागा असतील तर कितीही स्वस्त मिळाला तरी मी घेणार नाही.

घेतल्यावर पहिल्या आठवड्यात काय करावं?

टायर जुने असतील तर लांबच्या प्रवासाआधी बदला. बेअरिंग उघडून ग्रीस भरा, चाकांच्या नटांचा ताण टॉर्क पाना लावून मोजा आणि पहिल्या ऐंशी-शंभर किलोमीटरनंतर पुन्हा मोजा. मुदत संपलेले सूचक नवे लावा. दारांची कुलपं बदला, कारण बऱ्याच ट्रेलरच्या सामानपेट्यांना एकच ठरावीक किल्ली चालते. आणि पहिला मोठा पाऊस पडून गेला की टॉर्च घेऊन सगळी कपाटं पुन्हा उघडा.